पहिल्या क्रमांकाचं घराणं

जालना एमआयडीसीतल्या इंडक्शन भट्टीला आधी पाणी लागतं, मग वीज. कॉइल थंड ठेवणारा पंप फिरल्याशिवाय पॅनल चालू करायचं नाही आणि हीट संपली तरी भट्टी निवेपर्यंत पंप थांबवायचा नाही. भंगारातून सळई काढणाऱ्या या गावाला लिनक्स या संगणक-प्रणालीचं उठणं-निजणं समजायला एवढं पुरे.

संगणक सुरू होताच फर्मवेअर बूटलोडरला उठवतं, तो लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, मेमरीत आणतो. कर्नल हार्डवेअर ओळखतो आणि शेवटी एकच प्रोग्रॅम सुरू करतो. त्याचा क्रमांक 1. पुढचे सारे प्रोग्रॅम त्याची लेकरं-नातवंडं; एखाद्याचा जन्मदाता आधीच संपला, तर पोरक्याला बहुधा हाच पदरात घेतो. हाच मेला तर कर्नल हात टेकतो.

घराणं लिनक्सहून जुनं आहे. बेल लॅब्समधल्या युनिक्सच्या 1971 च्या पहिल्या पुस्तिकेत हा पहिला प्रोग्रॅम ‘इनिट’ या नावाने सापडतो. पुढे युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह आवृत्तीने रनलेव्हल, म्हणजे मशीनच्या क्रमांकित अवस्था, रुळवले: 0 म्हणजे बंद, 6 म्हणजे पुन्हा सुरू. पडद्यामागे चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमची, म्हणजे सेवेची, स्क्रिप्ट, नावात क्रमांक, एकीमागून एक. लिनस टोरवाल्ड्सच्या 1991 च्या लिनक्सवर हीच रीत आली. रांग सोपी, पण आंधळी. एक सेवा अडली की मागच्या सगळ्या खोळंबायच्या. कुणाला कुणाची गरज, हे क्रमांकाला कुठून कळणार?

2010 मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सिव्हर्स यांनी सिस्टिमडी हे नवं इनिट आणलं. पंप आधी, पॅनल नंतर, हे नातं त्यात लिहिता येतं. ज्यांचा संबंध नाही त्या सेवा एकदमच उठतात. डेबियन या लिनक्स वितरणात ते स्वीकारण्यावरून कडाक्याचं भांडण झालं. 2014 मध्ये सिस्टिमडीच्या बाजूने निर्णय झाल्यावर काहींनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली.  सिस्टिमडीने नको तेवढा पसारा मांडला, हे मान्य. क्रमाच्या बाबतीत मात्र ते बरोबर आहे.

क्रमाची खरी कसोटी संगणक बंद होताना लागते. सेवांना उलट क्रमाने ‘आवरा’ असा सिग्नल जातो. साधारण 90 सेकंदांत जो आवरत नाही, त्याला सक्तीने संपवतात. मग मेमरीत रेंगाळलेला मजकूर डिस्कवर उतरवून फाइल सिस्टिम सोडवली जाते. वीज अचानक गेली तर यातलं काहीच होत नाही. तेव्हा कारखान्यातल्या वजनकाट्यावरच्या संगणकाला यूपीएस असेल, तर त्याची सिग्नल केबल खोक्यात पडू देऊ नका; बॅटरी संपण्याआधी बंद करण्याचा आदेश आपोआप जाईल, अशी सोय करून घ्या.