च्वानचौ

चीनच्या फूच्येन प्रांतातील, तैवानच्या सामुद्रधुनीकाठचे ऐतिहासिक बंदर. सुंग व युआन काळात (दहावे ते चौदावे शतक) ते सागरी व्यापाराचे मोठे केंद्र होते. अरब व मार्को पोलो त्याला ‘झैतून’ म्हणत. २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश.

प्रेक्षणीय स्थळांत पहिला मान खाययुआन मंदिराचा. ६८६ मध्ये स्थापन झालेल्या या बौद्ध मंदिराच्या आवारातील दोन दगडी मनोरे तेराव्या शतकातले असून उंच मनोरा सुमारे ४८ मी. आहे. पर्यटक तेथूनच परततात. भारतीयाने मात्र मुख्य सभागृहाची मागची बाजू चुकवू नये. तेथील दोन खांबांवर नरसिंह आणि यमलार्जुन वृक्ष उन्मळणारा कृष्ण कोरलेला आहे. तमिळ व्यापाऱ्यांच्या उद्ध्वस्त देवळाचे हे अवशेष मानले जातात. शहरात १२८१ चा तमिळ शिलालेखही सापडला आहे.

जवळच १००९ मध्ये बांधलेली, आज बिनछपराची छिंगचिंग मशीद आहे. लुओयांग पुलाच्या (१०५३–५९) पायातील दगड पक्के बसावेत म्हणून त्यांवर कालवे वाढवली गेली. १९७४ मध्ये उत्खननात मिळालेले सुंगकालीन जहाजही शहरात पाहता येते.