एका डॉलरच्या घड्याळावर महासागर

१/ ५ मे १८९६. चिलीच्या पश्चिमेस असलेल्या हुआन फर्नांडिस बेटावरून ‘स्प्रे’ ही ३६ फूट ९ इंच लांबीची शिडाची नौका सामोआकडे निघाली. पुढचे बंदर ७२ दिवसांनी येणार होते आणि नौकेवर माणूस एकच होता : जोशुआ स्लोकम. हे ७२ दिवस त्याने कसे काढले?

२/ स्लोकम मोठमोठ्या शिडाच्या जहाजांचा कप्तान होता. मात्र आगबोटींनी सागरी व्यापार काबीज केला आणि त्याच्यासारख्यांना काम मिळेनासे झाले. एका परिचिताने देऊ केलेली मोडकी नौका त्याने १३ महिने खपून, ५५३.६२ डॉलर खर्चून नव्याने उभी केली. २४ एप्रिल १८९५ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षी, तो बोस्टनहून निघाला.

३/ एकटा माणूस झोपणार कधी? स्प्रेचा तोल असा साधला होता की शिडे वाऱ्याच्या बेताने लावून सुकाणू दोरीने बांधले, की ती दिवसेंदिवस ठरल्या दिशेने जाई. स्लोकम खाली निजे, वाची, शिवणटिपण करी. एका रात्री अगदी जवळून देवमासा गेला. आवाजाने तो धावत वर आला, तो त्याच्या शेपटीने उडवलेल्या पाण्यात भिजण्यापुरताच.

४/ जेवणात खारवलेला कॉड मासा, बटाटे, आठवड्यातून दोन-तीनदा स्वतः भाजलेली बिस्किटे आणि भरपूर कॉफी. रात्री शिडांवर आदळून पडलेले उडते मासे सकाळी फळीवर आयते मिळत.

५/ एकांत अधिक कठीण होता. प्रवासाच्या आरंभी, आवाजाची सवय सुटू नये म्हणून तो नसलेल्या सुकाणूवाल्याला मोठ्याने हुकूम देई. उत्तर येत नसे. अखेर हुकूम सोडून त्याने गाणी म्हणायला सुरुवात केली.

६/ रेखांश काढण्यासाठी त्या काळी सहसा ग्रिनिचची अचूक वेळ दाखवणारा क्रोनोमीटर लागे. स्लोकमचा क्रोनोमीटर दुरुस्त करायला १५ डॉलर पडणार होते. तो घरीच राहिला. सोबत होते दर्शनी भाग फुटल्यामुळे एका डॉलरला मिळालेले पत्र्याचे घड्याळ. पुढे त्याचा मिनिटकाटाही गळाला. बंद पडल्यावर त्याने ते चक्क पाण्यात उकळले आणि ते पुन्हा तास दाखवू लागले!

७/ म्हणून त्याने जुनी, किचकट रीत वापरली : चंद्र आणि सूर्य यांमधील कोन मोजून रेखांश काढणे. ४३व्या दिवशी आलेले उत्तर त्याच्या अंदाजाहून शेकडो मैल पश्चिमेला होते. पुन्हा मोजले, उत्तर तेच. आता विश्वास कशावर ठेवायचा, छापील कोष्टकांवर की स्वतःच्या अनुभवावर? त्याने कोष्टके तपासली आणि त्यांतच चुकीचा आकडा सापडला. तो सुधारल्यावर गणित आणि अंदाज यांत अवघ्या पाच मैलांचा फरक उरला. मार्केसस द्वीपसमूहातील नुकाहिवा बेट अपेक्षित जागी दिसले.

८/ तेथे न थांबता १६ जुलैला तो सामोआतील आपियाला पोहोचला. २७ जून १८९८ रोजी, सुमारे ४६,००० मैलांनंतर, न्यूपोर्ट बंदरात नांगर पडला. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा तो पहिला दर्यावर्दी ठरला.

९/ आगबोटींच्या युगात निकामी ठरलेली विद्या हेच त्याचे भांडवल होते. शिडांचा तोल, आकाशाचे वाचन आणि मनात सतत चाललेला वेग-दिशेचा हिशोब : बाजाराला ज्यांची किंमत उरली नव्हती, त्या सवयींनीच त्याला जगाभोवती फिरवून आणले.