कौलांखालील जलरोधक थर : निवड व बसवणी

गोमंतकातील कौलारू मंदिरांत आषाढाचा वादळी पाऊस मंगळुरी कौलांच्या सांध्यांतून आत शिरतो व वासे कुजवतो. म्हणून कौलांखाली दुसरा थर हितावह ठरतो.

निवड : साधे प्लास्टिक स्वस्त, परंतु दमट वाफ कोंडते. पाणी अडवून वाफ बाहेर सोडणारे मेम्ब्रेन लाकडी छपरास श्रेयस्कर.

बसवणी : वळचणीपासून आढ्याकडे जावे. वरचा पट्टा खालच्यावर साधारणतः १५ सेंटीमीटर चढवावा. त्यावर वाशांच्या रेषेत उभ्या पट्ट्या व मग आडव्या रिपा ठोकाव्यात, म्हणजे शिरलेले पाणी अडत नाही. उन्हाने थर जीर्ण होतो. कौले सत्वर चढवावीत.

केवळ फुटकी कौले बदलल्याने मंदिराचे लाकूड वाचत नाही, हे आम्ही विश्वस्त व भाविकांच्या नम्रपणे निदर्शनास आणतो.