लमाणाचा कुत्रा, धानाचं पुंजणं आणि पोटातल्या चौदा सुया

स्वयंपाक आटोपला असेल तर दोन घटका बसा, आणि चुलीवर काही असेल तर ढवळत ढवळत ऐका.

गेल्या कार्तिकात आमच्या प्रभागातल्या एका गटाची बैठक मोडली. अध्यक्षा ताईंच्या चार वर्षांच्या नातीला त्यांच्याच घरचा कुत्रा चावला होता. खळ्यावर धानाचं पुंजणं रचलेलं, मोठी माणसं मळणीत, आणि पोरगी तणसाच्या ढिगामागे गेली. तिथं कुत्री व्यालेली होती. हात फाटला, कानाजवळ दात लागले. घरातल्या म्हाताऱ्या आजीनं जखमेत तिखट भरलं, वरून चुना लावला. दवाखान्यात नेलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तिथं लस मिळाली, पण जखमेत द्यायचं सीरम नव्हतं, म्हणून पुढं पाठवलं. त्यात आणखी अर्धा दिवस गेला.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब बाजूला राहिला. एक म्हणाली, "कुत्री मारून टाका." दुसरी म्हणाली, "पाच वर्षं शेळ्या राखल्या तिनं, एकदाही बिबटानं शेळी नेली नाही. अशी कशी मारता?" तेव्हा त्या आजींनीच एक गोष्ट सांगितली. तिथूनच आम्ही हा विषय शोधत गेलो.

गोष्ट आपल्या शेजारच्या मुलखातली, छत्तीसगढची. बालोद जिल्ह्यात खपरी गावाला कुकुरदेवाचं मंदिर आहे. कुकुर म्हणजे कुत्रा. मंदिर जुनं, नागवंशी राजांच्या काळातलं. लोक सांगतात ते असं. एका लमाणावर कर्ज झालं. गहाण ठेवायला काही नव्हतं, म्हणून त्यानं आपला कुत्राच सावकाराकडे ठेवला. (आपल्या गटात तारण लागत नाही, हे इथं आमच्या एका ताईंनी आठवण करून दिलं आणि सगळ्या हसल्या.) सावकाराकडे चोरी झाली. चोरांनी माल तळ्यात लपवला. कुत्र्यानं ते पाहिलं आणि सकाळी सावकाराला ओढत तळ्यापाशी नेलं. माल मिळाला. सावकारानं खूश होऊन कर्ज फिटल्याची चिठ्ठी लिहिली, कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला सोडून दिलं. लमाणाला वाटलं, हा पळून आला, माझी जबान गेली. त्यानं काठीनं त्याला मारून टाकलं. मग चिठ्ठी दिसली. आजही कुत्रा चावण्याची भीती जावी म्हणून लोक त्या देवळाला फेरी घालतात.

ही गोष्ट लमाणाचीच का, याला कारण आहे. रेल्वे येण्याआधी मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवरून हिंडायचं. लमाणांचे तांडे बायकापोरांसकट चालायचे. रात्री गोण्यांची भिंत रचायची आणि राखण कुत्र्यांची. आजही मराठवाड्यात आणि दक्षिण महाराष्ट्रात जो उंच, सडपातळ कुत्रा पाळतात त्याचं नाव कारवान, ते तांड्यावरूनच आलं. मग 1880 नंतर नागपूरहून छत्तीसगढकडे लोहमार्ग निघाला. आपलं वरठीचं भंडारा रोड स्टेशन त्याच वाटेवरचं. गोण्या वाघिणीत चढल्या, तांडे थांबले. माणसं गावाकडेला वसली आणि कुत्रेही अंगणात आले.

कामाचा कुत्रा आपल्याकडे त्याहून कितीतरी जुना. 1974 साली प्रवरा नदीकाठी दायमाबादला पितळेसारख्या धातूच्या, म्हणजे ब्राँझच्या, प्राचीन वस्तू सापडल्या. त्यात बैल जुंपलेला एक रथ आहे, रथात माणूस उभा आहे आणि बैलांच्या मधल्या दांड्यावर एक छोटा कुत्रा आहे. खंडोबाबरोबर कुत्रा, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, जेजुरीचे वाघ्ये तर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात. म्हणजे मान भरपूर. पण नीट बघा, या सगळ्या चित्रांत कुत्र्याजवळ कोण आहे? हाकणारा, राखणारा, देव. लेकरू नाही.

आम्हाला हे ध्यानात आलं ते पंचतंत्रातल्या मुंगसाच्या गोष्टीवरून. सगळ्यांना माहीत आहे ती. बाई पाण्याला जाते, तान्ह्या बाळापाशी मुंगूस असतं, साप येतो, मुंगूस सापाला मारतं, बाई परत येते आणि मुंगसाच्या तोंडाचं रक्त बघून त्यालाच मारते. आपण शिकतो काय, तर घाई करू नये. लमाणाच्या गोष्टीतही तेच. जनावर इमानी, माणूस उतावीळ. पण बाळ जनावराजवळ एकटं का ठेवलं, हे दोन्हींकडे कोणी विचारत नाही. इमान मालकाशी असतं. चार वर्षांची पोर मालक नसते. कुत्र्याच्या डोळ्यांपुढं ती धावणारी, किंचाळणारी, शेपूट ओढणारी, भाकरी हातात धरून फिरणारी एक लहान वस्तू असते. शिवाय तिचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीला. म्हणून मोठ्यांना पायाला चावा बसतो आणि लहानग्यांना तोंडाला, मानेला.

आपल्याकडचा ढोरकी कुत्रा घेऊन जायचा तेव्हा दिवस आखरावर नाहीतर जंगलात जायचा. कुत्रा दमून यायचा आणि गोठ्याकडे पडायचा. आता ढोरं कमी झाली, शेळ्या दारात बांधल्या, कुत्रा दिवसभर साखळीला. ज्याला काम नाही आणि साखळी सुटत नाही, तो कुत्रा चिडका होणारच. आमच्या पशुसखीनं हे सांगितलं तेव्हा दोघी-तिघी गप्प झाल्या. त्यांच्या घरी तसंच होतं.

आणि एक हिशेब तर आम्हीच मांडला, तो कोणत्या पुस्तकात शोधू नका. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे सांगायला नको. कुत्रीला दोन महिने लागतात. म्हणजे पिल्लं येतात कार्तिक-मार्गशीर्षात. आपलं धान कापणं, पुंजणं, मळणी तेव्हाच. व्यायला उबदार जागा कुठली, तर तणीस. पोरं खेळायला कुठं, तर तणसातच. आणि घरातली सगळी मोठी माणसं त्याच दिवसांत सर्वांत जास्त गुंतलेली. ही पोरगी नशिबानं चावली गेली नाही, ती दर वर्षी येणाऱ्या वेळेला तिथं होती.

आता आजींच्या तिखटाकडे येऊ. आजी अडाणी नाहीत. त्यांनी सकाळपर्यंत का थांबवलं, हे आम्ही विचारलं तर म्हणाल्या, "पोटात चौदा सुया देतात. माझ्या भावाला दिल्या होत्या. ओरडत होता तो."

या सुयांचा इतिहास असा. 6 जुलै 1885 ला पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस दिली. तो जगला. त्याच वर्षी ऑक्टोबरात दुसरा मुलगा आला. जुपिय नावाचा, पंधरा वर्षांचा, मेंढ्या राखणारा. पिसाळलेला कुत्रा लहान पोरांवर धावला तेव्हा हा पोरगा मध्ये पडला आणि कुत्र्याशी झुंजला. तोही वाचला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याच्या झुंजीचा पुतळा आहे. आपला ढोरकीच म्हणा ना.

भारतात 1900 साली शिमल्याजवळ कसौलीला पाश्चर संस्था निघाली. तिथं डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. तीच ती पोटातल्या सुयांची लस. तिनं पुष्कळ माणसं वाचवली, पण दुखायचं फार, आणि क्वचित एखाद्याला लकवाही व्हायचा. भारतात ती बनवणं 2004 च्या अखेरीस थांबलं. म्हणजे वीस वर्षं झाली. पण आजींच्या मनातली सुई अजून निघाली नाही, आणि गावोगाव अशा किती आजी आहेत! आम्ही आजींना नव्या लसीची सुई दाखवली. सरकारी दवाखान्यात ती बहुधा दंडावर, कातडीत टोचतात. पहिली त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. आजी म्हणाल्या, "एवढीच?"

म्हणून बायांनो, हे वाक्य घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आज संध्याकाळीच सांगा. पोटात सुया आता नाहीत.

आणि तिखट, चुना, हळद, तेल काही नाही. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं फार वाटतात, घागर दोनदा भरावी लागते, पोर रडतं. तरी धुवायचं. विषाणू जखमेतच असतो तोवर धुतला जातो. एकदा तो मज्जेला लागला आणि लक्षणं दिसू लागली की जवळजवळ कोणीच वाचत नाही. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरम लागतं. ते मागून घ्या, नसेल तर कुठं मिळेल हे तिथंच विचारा, उद्यावर नेऊ नका. घरचा कुत्रा आहे, टोचलेला आहे, म्हणून थांबायचं नाही. कुत्र्याकडे दहा दिवस लक्ष ठेवायचं, पण लस आधी सुरू करायची. ओरखडाही सांगा. पोरं मार बसेल म्हणून ओरखडा लपवतात. आमची विनंती आहे, या बाबतीत मारू नका. ज्या घरात मार बसतो तिथलं पोर सांगत नाही.

बिबटाचं एक राहिलं. नगर जिल्ह्यात अकोल्याच्या खोऱ्यात अभ्यासकांनी बिबटाची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाण्यातला 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. तो ऊस-मुलूख आहे, आपल्याकडे कोका आणि नागझिऱ्याचं जंगल आहे. पण बिबट तोच. कुत्रा बांधला म्हणजे लेकरू सुखरूप, असं समजून अंगणात एकाच ओसरीला दोघांना निजवणं म्हणजे बिबटाला वाट दाखवणं. कुत्रा शेळ्यांजवळ, बंद गोठ्यात. लेकरू दाराच्या आत.

त्या घरात कुत्री मारली नाही. दहा दिवस ती ठीक राहिली, तरी पोरीचे सगळे डोस पूर्ण केले. पशुसखीनं तिला आणि गटातल्या आणखी अकरा घरच्या कुत्र्यांना टोचायला डॉक्टर बोलावले. पिल्लांसाठी सांदवाडीत पोत्याचा आडोसा झाला आणि मध्ये बांबूचा ताटवा. कुत्री जेवताना, निजलेली असताना, पिल्लांपाशी असताना पोरांनी ताटव्याच्या अलीकडे राहायचं, हे पोरीनंच आता इतरांना सांगायला सुरुवात केली आहे. ताटवा मार्गशीर्षात घातला. पुढच्या वर्षी तो भाद्रपदातच घालायचा, असं बैठकीच्या वहीत लिहून ठेवलं आहे, बचतीच्या रकमेखाली, सगळ्यांच्या सह्यांसकट. आजींचा अंगठा आहे.