गिअर लिंकेज (मोटारगाडी)

हाताने गिअर बदलण्याच्या मोटारगाडीत गिअरच्या दांड्याची हालचाल गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवणाऱ्या रॉड किंवा केबल, सांधे आणि बुश यांच्या साखळीस गिअर लिंकेज म्हणतात. गिअरबॉक्स दांड्याच्या थेट खाली असेल, तर या साखळीची गरज पडत नाही. जुन्या जीपगाड्यांत दांडा सरळ गिअरबॉक्सच्या झाकणातून आत उतरतो. गिअरबॉक्स चालकापासून दूर असेल, तेथे मात्र लिंकेज अपरिहार्य ठरते. त्यातील झीज किंवा चुकीची जुळवणी ही बहुधा गिअरबॉक्सचाच बिघाड वाटते आणि किरकोळ किमतीच्या बुशसाठी गिअरबॉक्स उतरवला जातो.

रचना

दांड्याला दोन हालचाली असतात. आडव्या हालचालीने गिअरची जोडी निवडली जाते, तर पुढे-मागे होणाऱ्या हालचालीने त्या जोडीतील एक गिअर पडतो. या दोन्ही हालचाली एकमेकींत न मिसळता गिअरबॉक्सपर्यंत नेणे हे लिंकेजचे काम होय.

१९८३ साली भारतात आलेल्या मारुती ८०० सारख्या, आडवे इंजिन व पुढील चाकांना गती असलेल्या गाड्यांत हे काम रॉड करतो. त्याच्या जोडीला असलेला दुसरा रॉड दांड्याची बैठक गिअरबॉक्सशी बांधून ठेवतो. त्यामुळे इंजिन रबरी माउंटिंगवर हलले, तरी दांडा आणि गिअरबॉक्स यांतील अंतर कायम राहते. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत निवडीसाठी एक व गिअर पाडण्यासाठी एक अशा दोन केबल असतात. केबल वळणावळणाने नेता येते आणि इंजिनाची थरथर दांड्यापर्यंत कमी पोहोचते.

स्टिअरिंगवरील दांडा

१९३८ च्या सुमारास अमेरिकी गाड्यांत दांडा स्टिअरिंगच्या खांबावर नेण्याची पद्धत रूढ होऊ लागली. पुढील आसन सलग ठेवता येत असल्याने चालकाशेजारी दोघांना बसता येई. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे परिचित झालेल्या प्रीमियर पद्मिनीत हीच व्यवस्था होती. या रचनेत सांधे अधिक असतात; प्रत्येकातील झीज थोडी असली, तरी तिची बेरीज होऊन दांडा लुळा पडतो. खांबाच्या तळाशी दोन स्वतंत्र लिव्हर असलेल्या गाड्यांत ते एका रेषेत नसतील, तर एका जोडीतून दुसरीत जाताना दांडा मध्येच अडकतो. अशा वेळी बॉनेट उघडून लिव्हर हाताने सरळ करावे लागत.

बसवणे व जुळवणी

काम सपाट जागी, चाकांना अडण लावून व इंजिन बंद ठेवून केले जाते. गिअर न्यूट्रलमध्ये असल्याने गाडी अडणाविना घसरू शकते. नायलॉनचे नवे बुश गरम पाण्यात ठेवल्यास मऊ होऊन सहज बसतात. हातोडीने ठोकल्यास चिरतात. केबल तीव्र वळण न देता, सायलेन्सरच्या नळीपासून दूर नेली जाते.

जुळवणीचा आरंभबिंदू न्यूट्रल हाच असतो. प्रथम गिअरबॉक्सवरील लिव्हर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री केली जाते. मग दांडा त्याच्या न्यूट्रलच्या जागी धरला जातो. काही गाड्यांत त्यासाठी बैठकीत भोक असते व त्यात पिन घालून दांडा स्थिर करता येतो. या स्थितीत, रॉड वा केबल न ओढता, क्लॅम्प किंवा लॉकनट आवळला जातो. येथेच बहुतेक चुका होतात. नट आवळताना रॉड फिरला, तर जुळवणी तेवढ्यानेच सरकते. पिन काढल्यावर रिव्हर्ससह सर्व गिअर टाकून पाहिले जातात. प्रत्येक गिअर पूर्ण बसल्यानंतरही दांड्याला थोडी जागा उरली पाहिजे. जाड पायपुसणे किंवा ताठ रबरी बूट एवढ्यानेही ती जागा संपते.

गिअर अर्धवट बसत राहिल्यास आतील दातांच्या कडा झिजून गोल होतात व धावत्या गाडीत गिअर निसटतो. ही झीज झाल्यावर बाहेरून कितीही जुळवणी केली, तरी उपयोग होत नाही. गिअरबॉक्स उघडावाच लागतो.

दोषनिदान

इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, पण सुरू असताना खरखरतात, असे असेल तर दोष बहुधा क्लच पूर्ण न सुटण्याचा असतो. इंजिन बंद असतानाही गिअर सापडत नसेल, तर लिंकेज गिअरबॉक्सपाशी सोडवून तेथील लिव्हर हाताने हलवला जातो. तो स्वच्छपणे फिरला, तर दोष लिंकेजमध्ये आहे असे मानता येते. वेग वाढवताना किंवा सोडताना दांडा स्वतःहून पुढे-मागे होत असेल, तर इंजिनाचे माउंटिंग आधी तपासले जाते. दांडा न्यूट्रलमध्ये दिसत असूनही आत गिअर पडलेला राहणे हा यातील सर्वांत धोकादायक दोष होय, कारण स्टार्टर देताच गाडी पुढे झेपावते.