लोणारचे सरोवर आणि पर्जन्याचा इतिहास

राजांचा इतिहास लिहावयास ताम्रपट आहेत, शिलालेख आहेत, बखरी आणि दप्तरे आहेत. परंतु पावसाचा इतिहास कोठे शोधावयाचा? ज्या पावसावर राजाचा खजिना आणि कुणब्याचे कोठार ही दोन्ही सारखीच अवलंबून होती, त्याची नोंद आपल्या पूर्वजांनी क्वचितच ठेविली. हिंदुस्थानात हवामान खात्याची स्थापना झाली ती १८७५ साली. त्यापूर्वीच्या पावसाविषयी आपल्यापाशी बहुतांशी दुष्काळाच्या आठवणी आणि लोककथा हेच साधन होते. तथापि मनुष्याने ठेविली नाही अशी नोंद कधी कधी भूमी ठेविते. तशी एक वही बुलढाणा जिल्ह्यात आहे. जिजाबाईंच्या जन्माने पावन झालेले सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील लोणारचे सरोवर ही ती वही होय. आज श्रोत्यांपुढे तिचीच काही पाने उलगडावयाची आहेत.

प्रथम स्थळाचे वर्णन केले पाहिजे. वऱ्हाडच्या पठारावरून चालत असता पायांखालची जमीन एकाएकी संपते आणि सुमारे १८३० मीटर व्यासाचा, जवळजवळ वर्तुळाकार असा एक प्रचंड खड्डा दृष्टीस पडतो. काठापासून तळ सुमारे दीडशे मीटर खोल आहे. आतल्या उतारावर झाडी, झाडीत जुनी देवळे आणि मध्यभागी हिरवट पाणी. हे पाणी खारे आहे, इतकेच नव्हे तर अत्यंत क्षारयुक्त आहे. त्यात मासा जगत नाही. सूक्ष्म शैवाले व जीवाणू मात्र विपुल वाढतात. नवल असे की काठावरच्या धारेचे पाणी गोड आहे आणि ते बारमाही वाहते. या पाण्यास आत येण्याचा मार्ग आहे, बाहेर जाण्याचा नाही. एकही ओढा सरोवरातून बाहेर पडत नाही. पाणी जाते ते केवळ उन्हाने वाफ होऊन, आणि मागे क्षार उरतो. ही एक गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढील सारे विवेचन तिच्यावरच उभे आहे.

असे स्थळ पाहून मनुष्याच्या मनात पहिला प्रश्न उद्भवतो तो हा, की हे झाले कसे? या प्रश्नाचे पहिले उत्तर कवीने दिले. लवणासुर नावाचा दैत्य भूमीखाली दडून राहत असे व लोकांस छळीत असे. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींकडून त्याचा ठाव काढला, विवरावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडविले आणि त्याचा वध केला. सरोवराचे पाणी ते त्याचे रक्त आणि क्षार ते त्याचे मांस. लोणार गावातील दैत्यसूदनाचे सुंदर मंदिर याच कथेचे दगडात कोरलेले रूप आहे. या कथेस भाकडकथा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु कथाकाराने किती गोष्टी अचूक हेरल्या आहेत, ते पाहावे. हा खड्डा सावकाश झिजून झालेला नाही, एका क्षणाच्या आघाताने झाला आहे. आणि या स्थळाचा प्राण लवणात आहे. या दोन्ही गोष्टी त्याने ओळखल्या. शास्त्रास तेथवर पोचावयास बराच काळ लागला.

दुसरे उत्तर व्यवहाराने दिले. अकबराच्या काळी अबुल फजलने लिहिलेल्या ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकरच्या बाजूच्या या स्थळाचा उल्लेख येतो. ब्राह्मण त्यास विष्णुगया म्हणतात आणि येथे काच व साबण करण्यास लागणारे पदार्थ मिळतात, असे त्यात म्हटले आहे. पुढे कित्येक पिढ्या हा क्षार येथून काढला जात असे. आपल्या घरी पापडखार म्हणून जो पदार्थ ठाऊक आहे, त्याचाच हा सगासोयरा. उन्हाळ्यात पाणी हटले की काठावर क्षाराची खपली धरते. ती गोळा करावयाची. पाणी जितके अधिक हटेल तितका क्षार अधिक. म्हणजे शेतकऱ्याचे वाईट वर्ष ते क्षार काढणाऱ्याचे बरे वर्ष असावयाचे! या साध्या हिशेबात पुढील शास्त्राचे बीज होते, पण ते तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही.

तिसरे उत्तर भूगर्भशास्त्राचे. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. पठार सारे काळ्या अग्निजन्य पाषाणाचे. तेव्हा हे एखाद्या निवालेल्या ज्वालामुखीचे मुख असावे, असा समज दीर्घकाळ टिकला. १८९६ साली ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने ॲरिझोनातील एका विवराची चर्चा करताना लोणारची आठवण काढली व दोहोंतील साम्य दाखविले. दोन्ही विवरे भूमीतील वाफेच्या स्फोटाने झाली असावीत, असा त्याचा कौल पडला. कौल चुकला, साम्य मात्र खरे होते. विसाव्या शतकात ॲरिझोनाचे विवर उल्कापाताचे ठरले आणि लोणारविषयीही तोच संशय बळावला. अखेर १९७३ साली फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम या चौघांनी तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांचा पुरावा प्रसिद्ध केला. प्रचंड आघाताशिवाय होऊ शकत नाहीत असे बदल त्या खडकांतील खनिजांत आढळले. आकाशातून आलेल्या पाषाणानेच ते झाकण उडविले होते! विवराच्या वयाविषयी मात्र मतभेद आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे येते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मापनाने सुमारे ५,७०,००० वर्षे.

आता पावसाच्या वहीकडे वळू. पावसाळ्यात उतारावरची माती वाहून येते व तळाशी बसते. तिच्यासवे झाडांचे परागकण, पानांचे अवशेष आणि सूक्ष्म जीवांची शरीरेही बसतात. थरावर थर चढत जातो. पाणी बाहेर जात नसल्यामुळे हे थर पुराने धुऊन जात नाहीत. जर्मन व भारतीय संशोधकांनी या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ नळीने वर काढला. त्यात अकरा हजारांहून अधिक वर्षांचा वृत्तांत साठविलेला आहे. कालगणना किरणोत्सर्गी कार्बनावरून केली. काही थरांत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडले. सोडियम व कॅल्शियम यांचे हे कार्बोनेट पाणी फार आटून अतिशय खारट झाले तरच तयार होते. पूर्वी क्षार काढणारा काठावरची खपली पाहून ज्या गोष्टीचा अंदाज करीत असेल, तीच गोष्ट शास्त्रज्ञाने तळातील स्फटिकांवरून वाचली.

या वाचनाचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. मध्य भारतावर दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड येऊन गेले: एक आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. अवर्षण म्हणजे प्रतिवर्षी पाऊस पडलाच नाही असे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या मान्सूनची सरासरी खालावलेली राहिली, असा त्याचा अर्थ. पहिला कालखंड संपत येतो त्याच सुमारास सिंधू संस्कृतीची नगरे ओसरू लागली होती. एवढ्यावरून एक दुसऱ्याचे कारण होते असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. तथापि इतिहासकाराने पाऊस वगळून समाजाचे उत्थानपतन सांगू नये, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो. आणखी विशेष हे की, लोणारची जुनी मंदिरे दुसऱ्या कालखंडातच उभी राहिली. ज्या पिढ्यांस पाऊस तुटपुंजा होता, त्यांनीच बारमाही धारेपाशी देवालये बांधिली.

संशोधकांनी या अवर्षणांचा संबंध हिंदी व प्रशांत महासागरांच्या संधीवर असलेल्या उष्ण जलक्षेत्राशी जोडला आहे. मेहकर-लोणारच्या शेतकऱ्याचा पाऊस हजारो मैल दूरच्या समुद्राच्या उष्णतेवर हेलकावे खातो. पूर्वी ही उष्णता निसर्गक्रमाने बदलत असे. आज कोळसा व तेल जाळून मनुष्य स्वतःच ते समुद्र तापवीत आहे. १९५० ते २०१५ या अवधीत मध्य भारतात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे २०१७ सालच्या एका संशोधनाने दाखविले. एकूण पाऊस मात्र वाढला नाही. म्हणजे पाऊस तोच किंवा त्याहून कमी, पण येतो तो धसमुसळेपणाने.

२०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. कोणी त्यास शकुन म्हटले, कोणी अपशकुन. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेतली व नमुने तपासावयास गेले. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेत ते पाणी स्थिर ठेविले असता रंगाचा अंश तळाशी बसला आणि वरचे पाणी निवळ झाले. रंग पाण्याचा नव्हता. अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य धारण करणाऱ्या सूक्ष्म जीवांचा होता. उन्हाने पाणी आटले, खारटपणा वाढला, त्यांचा सुकाळ झाला. पावसाने पाणी पातळ होताच पूर्वीचा रंग परतला. दहा मीटर गाळात जी कथा हजारो वर्षांच्या मापाने लिहिली आहे, तिचेच एक वाक्य सरोवराने आपल्या डोळ्यांदेखत लिहून दाखविले.

येथे आरंभीची गोष्ट पुन्हा आठवावी. जे आत येते ते बाहेर जात नाही. याच गुणामुळे हे सरोवर पावसाचा विश्वासू साक्षीदार झाले, आणि याच गुणामुळे ते अत्यंत नाजूकही आहे. नदीत टाकलेली घाण नदी पुढे नेते. ते पाप दुसऱ्याच्या दारी जाते खरे, पण वाहून जाते. लोणारमध्ये आलेले गावाचे सांडपाणी, भोवतालच्या शेतांतील खत, कपडे धुण्याचा साबण हे सारे तेथेच राहावयाचे. गोडे पाणी अधिक आले तर क्षारावर जगणारी ती अपूर्व जीवसृष्टी दुबळी होते. ओढे-झरे आटले तर सरोवरच आटते. उतारावर वेडी बाभूळ माजली आहे ती निराळीच.

उपाय झाले नाहीत असे नाही. २००० साली या परिसरास अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०२० साली सरोवराची गणना रामसर करारान्वये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ स्थळांत झाली. नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातील हे दुसरे स्थळ. परंतु सनद मिळाली म्हणजे किल्ला राखला गेला असे होत नाही. सांडपाणी शुद्ध करून अन्यत्र वळविणे, काठच्या विहिरींचा उपसा मर्यादेत ठेवणे, वेडी बाभूळ काढून तेथे मूळची झाडे येऊ देणे, आणि पाण्याची उंची व खारटपणा यांची नोंद वर्षानुवर्षे न चुकता घेणे, ही कामे दिखाऊ नाहीत. पण किल्ला राखला जातो तो अशाच कामांनी.

दैत्यसूदनाची कथा रचणाऱ्याने, क्षार वेचणाऱ्याने व गाळ वाचणाऱ्याने, प्रत्येकाने आपल्या परीने या स्थळाकडे लक्ष दिले. आपल्या पिढीचाही एक थर तेथे तळाशी बसत आहे. तो काही बोटे जाडीचाच असेल. परंतु पुढे कोणी नळी खाली सोडील तेव्हा त्या थरात आपल्या काळचा पाऊस किती होता हे जसे वाचता येईल, तसेच आपण त्या पाण्यात काय टाकले तेही वाचता येईल. त्या नोंदीत खाडाखोड करण्याची सोय नाही.