दमिश्कचे नाव, पारोळ्याचे लुगडे

१/ पारोळ्याच्या कापडपेठेत ब्लाउजपीस पाहताना दुकानदार हमखास सांगतो, "ताई, हे सेल्फ डिझाइनमध्ये आहे." म्हणजे कापड एकाच रंगाचे, पण प्रकाशात तिरके धरले की त्याच रंगातली वेलबुट्टी उमटते. या जातीच्या उंची रेशमी विणीला युरोपात गेली सहाशेहून अधिक वर्षे एका शहराच्या नावाने ओळखतात: डमास्क, म्हणजे दमिश्कचे. सीरियाच्या राजधानीचे हे नाव एका गुलाबाला आणि एका रंगालाही मिळाले. आजचा धागा या तीन वस्तूंविषयी आणि नाव न मिळालेल्या एका चौथ्या वस्तूविषयी.

२/ आधी वीण समजून घेऊ. मागावरचे उभे धागे म्हणजे ताणा, आडवे धागे म्हणजे बाणा. साटिणीच्या विणीत ताण्याचा धागा चार आडव्या धाग्यांवरून जातो आणि पाचव्याखाली दबतो. त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत होतो. डमास्कमध्ये जमिनीला ताणा वर ठेवतात आणि नक्षीच्या जागी बाणा. रंग तोच राहतो, पण धाग्यांची दिशा बदलल्याने प्रकाश वेगळा परततो आणि फूल दिसू लागते. कापड उलटले की जमीन आणि नक्षी आपापल्या जागा बदलतात, म्हणून दोन्ही बाजू वापरता येतात.

३/ ही कला एकट्या दमिश्कची होती काय? नाही. एकरंगी नक्षीदार रेशीम चीनमध्ये त्याच्या कितीतरी आधी विणले जात होते. दमिश्क मात्र व्यापारी मार्गांवरचे मोठे नाके होते. इटालियन व्यापारी तेथून माल उचलत आणि विकताना त्याच शहराचे नाव सांगत. इ.स. १४०१ मध्ये तैमूरने दमिश्क लुटले, जाळले आणि तेथील कारागीर समरकंदला नेले. तोवर इटलीच्या मागांवरही तशी वस्त्रे निघू लागली होती. कारागीर गेले, माग परक्या देशांत गेले, नाव मात्र दमिश्कचेच राहिले.

४/ तलवारीचीही तीच गोष्ट. ज्या लाटदार नक्षीच्या पात्यांना 'दमिश्की' म्हणून जगभर मान मिळाला, त्यांतील अनेकांचे पोलाद दक्षिण भारतातल्या भट्ट्यांत तयार झालेले असे. भट्टीवाल्याचे गाव कोणाला ठाऊक नाही, बाजाराचे शहर सर्वांना ठाऊक आहे. वस्तूंची नावे निर्मात्यापेक्षा बाजाराची आठवण अधिक जपतात, हे सूत्र येथेच मनात ठेवावे.

५/ आता गुलाब. धर्मयुद्धांवरून परतणाऱ्या सरदाराने दमिश्कहून हे रोप युरोपात आणले, अशी दंतकथा आहे. जपानी संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासात या दमिश्की गुलाबाचे तीन पूर्वज आढळले, आणि त्यांपैकी एक मध्य आशियातला आहे. म्हणजे येथेही जन्मगाव बहुधा दुसरेच. कनौजचे गुलाब-अत्तर याच जातीच्या फुलांपासून निघते.

६/ आपला 'गुलाब' हा शब्दही असाच प्रवासी. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे मुळात फूल नव्हेच, ते गुलाबपाणी. आपल्याकडे हा शब्द फुलालाच चिकटला आणि मग त्या पाण्यासाठी 'गुलाबपाणी' असा दोनदा पाणी असलेला शब्द घडवावा लागला! फुलावरून पुढे 'गुलाबी' हा रंग आला. इंग्रजीतही दमिश्की गुलाबावरूनच गालांवरच्या लालीला 'डमास्क' म्हणू लागले.

७/ येथे एक मौज आहे. गुलाबाच्या पाकळ्यांनी कापड टिकाऊ गुलाबी होत नाही. जुना गुलाबी फेटा रंगत असे तो कुसुंब्याने. कुसुंबा म्हणजे दुसरे काही नसून आपल्या शेतातली करडई! तिची सुकी फुले पाण्यात धुऊन आधी पिवळा रंग काढून टाकत, मग क्षारात लाल रंग उतरवत आणि लिंबासारख्या आंबटाने तो कापडावर बसवत. एक-दोन हात दिले तर गुलाबी, अधिक दिले तर लालभडक. हा रंग अतिशय सुंदर, पण उन्हात आणि धुण्यात उडणारा. फूल करडईचे, नाव गुलाबाचे.

८/ महाराष्ट्रातही गावांची नावे कापडांना मिळाली. पैठणी आज मुख्यतः येवल्यात विणली जाते, तरी नाव पैठणचेच. मुंबईच्या डोंगरीवरून एका जाड्याभरड्या सुती कापडाला 'डुंगरी' म्हणू लागले आणि त्यातून इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द आला. आजही कामगारांच्या पोशाखात डोंगरी जगभर वावरते.

९/ आता आपल्या खानदेशाकडे वळू. मोगल काळात खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते बऱ्हाणपूर, जे आज मध्य प्रदेशात आहे. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सुरतेहून नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर या मार्गाने तेथे गेला. बऱ्हाणपुरात आणि साऱ्या सुभ्यात तलम पारदर्शक मलमल मुबलक विणली जाते आणि ती इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान, कैरो येथवर जाते, असे त्याने नोंदवले आहे.

१०/ त्याच्या वर्णनातला एक तपशील फार बोलका आहे. काही पांढऱ्या वस्त्रांना लांबीभर सोन्या-चांदीच्या रेघा आणि टोकांना जर-रेशमाच्या फुलांचे पदर असत. त्या पदरांना उलटी बाजूच नसे, दोन्ही बाजू सारख्याच देखण्या. ही वीण डमास्कची नव्हे. पण दोन्ही अंगांनी सुंदर दिसणारे वस्त्र हा मान खानदेशालाही मिळाला होता. तरी 'खानदेश' हे नाव कोणत्याही कापडाला चिकटून जगभर फिरले नाही.

११/ त्या काळी पारोळा म्हणजे लहानसे खेडे. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ च्या सुमारास येथे भुईकोट किल्ला बांधला आणि पन्नास घरांच्या वस्तीची तटबंदीयुक्त पेठ केली. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जहागीर जप्त केली आणि किल्ला निकामी केला. पेठ मात्र चालू राहिली. इंग्रजकालीन गॅझेटियर पारोळ्याच्या मोठ्या व्यापाराच्या चारच वस्तू सांगते: गुरे, कापूस, धान्य आणि लुगडी.

१२/ लुगडी! गुराढोरांच्या आणि धान्याच्या रांगेत एका शब्दात संपलेली. त्यांचे काठ कसे होते, रंग कोणते, ती विणणाऱ्या घरांची नावे काय, याबद्दल त्या ओळीत काहीही नाही. पैठणीला दरबार मिळाला, बऱ्हाणपुरी मलमलीला परदेशी प्रवासी मिळाला, डमास्कला इटलीचे व्यापारी मिळाले. पारोळ्याच्या लुगड्याला मिळाली निंदणी-खुरपणी करणारी, पाणी शेंदणारी बाई. ती ते फाटेपर्यंत नेसली, मग त्याची गोधडी शिवली. दूरच्या बाजाराला ओळखीसाठी गावाचे नाव लागते. आठवडे बाजारात ते कोण विचारणार?

१३/ मग काळ पालटला. १८५६ मध्ये पहिला लोकप्रिय कृत्रिम रंग निघाला, १८६९ पर्यंत मंजिष्ठेचा लाल रंगही प्रयोगशाळेत तयार झाला. पुढे स्वस्त पक्क्या रंगांपुढे कुसुंबा टिकला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी शेजारच्या अमळनेरात कापडगिरणी उभी राहिली. करडई शेतात राहिली ती तेलासाठी. हातमागाचे लुगडे गेले, आणि त्याला स्वतःचे नाव नसल्याने ते गेल्याची नोंदही कोणी ठेवली नाही.

१४/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक सावधगिरी शिकावी लागते. ज्या वस्तूला नाव आहे तीच महत्त्वाची होती, असे आपण नकळत धरून चालतो. संग्रहालयात डमास्कचा तुकडा काचेआड सापडतो, कारण तो जपून वापरला गेला. लुगडे सापडत नाही, कारण ते खरोखर वापरले गेले. पुराव्याचा अभाव हा कधी कधी वापराचाच पुरावा असतो.

१५/ म्हणून वाचकांना एक विनंती. घरात आजीची पेटी असेल, जुनी गोधडी असेल, तर तिचा एखादा अस्तराचा तुकडा नीट पाहा. काठ कसा, रंग कोणता, कोणत्या बाजारातून घेतले, घरात त्याला काय म्हणत, एवढे आजीला विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. आपल्या आहिराणी बोलीतला शब्द असेल तर तो तसाच लिहा, प्रमाण मराठीत बदलू नका. दमिश्कचे नाव सांभाळायला सारे जग आहे. पारोळ्याच्या लुगड्याचे जे काही उरले असेल, ते आपल्याच घरांत आहे.

(धागा समाप्त)